पिशवीच्या अस्तराचा तुकडा : कागदपत्रांतली शंभर वर्षे

1925 साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात हॉवर्ड केली यांचा जेमतेम तीन पानांचा लेख छापून आला. केली हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या पहिल्या चार नामांकित प्राध्यापकांपैकी एक, तेव्हा साठी ओलांडलेले. विषय त्यांनी शीर्षकातच सांगून टाकला होता : भूल न देता, दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावरच गर्भाशयाचे अस्तर खरवडून घेणे. त्या काळी या कामासाठी बाईला रुग्णालयात दाखल करीत, ईथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवीत, पिशवीचे तोंड रुंद करीत आणि मग आतून खरवडत. केलींचे म्हणणे असे की, निदानापुरता तुकडा हवा असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. बाई जागी असताना, बोलत असतानाही तो घेता येतो.

त्या वर्षी यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात, मध्यप्रांताच्या कारभाराखाली होता. वणी जिल्हा हे आपले जुने नाव मागे टाकून त्याला वीस वर्षे झाली होती. केलींचे तीन पानी टिपण या जिल्ह्यातल्या बाईपर्यंत कोणत्या वाटेने आले, हे सांगणारा एकच सलग दस्तऐवज नाही. वेगवेगळ्या कपाटांतले कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात : वैद्यकीय नियतकालिकांतले निबंध, सरकारी समितीचा अहवाल, एक कायदा, विदर्भातल्या दोन गावांची पाहणी, विधिमंडळात दिलेले आकडे आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल. ते तसे ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. तुकडा घेण्याचे तंत्र फार आधी सोपे झाले होते. तुकडा घ्यायचाच, तो तपासायचाच आणि त्याचे उत्तर आल्यावरच पुढचे ठरवायचे, ही शिस्त मात्र त्याच्या बरीच मागे राहिली.

आधी हा तुकडा कशासाठी, ते पाहू. पाळीत फार जाणे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे या तक्रारींमागे हार्मोनची गडबड असू शकते, अस्तराला लोंबणारा पॉलिप असू शकतो, अस्तराची नको तितकी वाढ असू शकते आणि कर्करोगही असू शकतो. मूल होत नसलेल्या बाईच्या अस्तरात क्षयरोगही सापडतो, आणि आपल्या देशात ते कारण विसरून चालत नाही. सोनोग्राफी अस्तराची जाडी दाखवते. पाळी गेलेल्या बाईत ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता फार कमी राहते. पण अस्तर जाड असेल, तर ते कशाने जाड झाले हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

खरवडण्याचे हत्यार, म्हणजे क्युरेट, 1840 च्या दशकात पॅरिसच्या जोसेफ रेकामिए यांनी वापरात आणले. पुढची शंभरेक वर्षे ‘डी अँड सी’, आपल्या बोलण्यातले ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणे’, हीच निदानाची मुख्य रीत होती. केलींच्या लेखानंतर दहा वर्षांनी, 1935 साली, बाल्टिमोरच्याच एमिल नोव्हाक यांनी एक पोकळ नळी वर्णन केली. तिच्या टोकाजवळ दातेरी कडेचे छिद्र होते आणि दुसऱ्या टोकाला सिरिंज जोडून अस्तराची पट्टी ओढून घेता येत होती. त्यानंतर 1937 साली जॉन रॉक आणि बार्टलेट यांनी, आणि 1950 साली नॉयस, हर्टिग व रॉक यांनी, अशा पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली कशा वाचाव्यात याची पद्धत बसवली. पाळीच्या चक्रातला कितवा दिवस आहे हे पेशींच्या रूपावरून सांगता येऊ लागले. माझ्या मते या दोन निबंधांचे महत्त्व नळीइतकेच आहे. पूर्ण अस्तर खरवडले नाही तरी चालते, एक पट्टीही नीट वाचता येते, हे त्यांनी दाखवून दिले. वाचणारा असेल तरच घेणाऱ्याच्या कामाला अर्थ, हा मुद्दा यवतमाळच्या संदर्भात पुढे पुन्हा येईल.

1970 साली डेन्मार्कच्या वैद्यकीय पत्रिकेत येन्सेन यांनी 350 रुग्णांचा अहवाल दिला. उपकरणाचे नाव व्हाब्रा. सुमारे 3 मिलिमीटर जाडीची पोलादी नळी, तिला जोडलेला निर्वात पंप, आणि सगळे काम बाह्यरुग्ण विभागात, भूल न देता. मग 1984 साली फ्रान्समधल्या कॉर्निए यांची पिपेल आली. मऊ प्लास्टिकची, 3.1 मिलिमीटर जाडीची, एकदा वापरून टाकून द्यायची नळी. आत एक दांडी असते. नळी पिशवीत घातल्यावर दांडी मागे ओढली की आतच निर्वात तयार होतो आणि बाजूच्या बारीक छिद्रातून अस्तर आत खेचले जाते. पंप नाही, वीज नाही, बहुतेक वेळा तोंड रुंद करण्याचीही गरज नाही. जिथे वीज दुपारी जाते आणि येईल की नाही याची खात्री नसते, तिथे या गोष्टीची किंमत फार मोठी.

आता तुलना. इथे कागद नीट वाचावे लागतात, कारण आकडे सहज फसवतात.

पहिला प्रश्न असा की, या नळ्यांची तुलना ज्याच्याशी करायची ते क्युरेटिंग स्वतः किती भरवशाचे? वर्ड, ग्रेव्हली आणि वाइडमन यांनी 1958 सालीच आंधळेपणाने केलेल्या खरवडण्यावर विश्वास ठेवू नये असे बजावले होते. त्यांच्या लेखाचे शीर्षकच त्या विश्वासाला भ्रम म्हणणारे होते. पॉलिप जागच्या जागी राहतात आणि डॉक्टरला वाटते, सगळे निघाले. 1975 साली स्टॉक आणि कानबूर यांनी पिशवी काढण्याच्या अगदी आधी क्युरेटिंग केले आणि मग काढलेली पिशवी उघडून आत पाहिले. 50 पैकी 60 टक्के पिशव्यांत निम्म्याहून कमी अस्तर खरवडले गेले होते. 16 टक्क्यांत तर पावभागाहूनही कमी. म्हणजे भूल देऊन, दाखल करून, तोंड रुंद करून केलेल्या क्रियेतही हात सगळीकडे पोचत नव्हता. 1982 साली डेव्हिड ग्राइम्स यांनी त्यावेळच्या सगळ्या पुराव्यांची फेरतपासणी केली आणि निदानासाठी व्हाब्रासारखी बाह्यरुग्ण पद्धत अधिक सुरक्षित आणि स्वस्त असल्याचा निष्कर्ष काढला. मानदंड म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाई, तोच मानदंड इतका कच्चा निघाला. हे वाचताना आजही चटका बसतो, कारण त्यानंतरही कितीतरी वर्षे असंख्य बायकांना केवळ निदानासाठी पूर्ण भूल दिली गेली.

दुसरा प्रश्न नळ्यांमधल्या फरकाचा. 1988 साली कौनित्झ आणि सहकाऱ्यांनी पिपेल व व्हाब्रा यांची थेट तुलना केली तेव्हा पिपेलने बायकांना कमी दुखले. 1993 साली रॉड्रिगेझ यांच्या गटाने अस्तराचा किती भाग हाती येतो ते मोजले. पिपेलने सरासरी 4.2 टक्के, व्हाब्राने 41.6 टक्के. फक्त हे दोन आकडे पाहिले तर पिपेल टाकून द्यावीशी वाटेल. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, 1991 साली, स्टोव्हॉल यांनी कर्करोगाचे निदान आधीच झालेल्या 40 स्त्रियांत पिपेल वापरली होती आणि 39 जणींत कर्करोग तिच्या तुकड्यात सापडला होता. चार टक्के अस्तर घेऊन चाळिसातले एकोणचाळीस कसे सापडतात? याचे उत्तर 1995 साली गिडो यांच्या निबंधात मिळते. तिथे अशाच 65 रुग्णांपैकी 54 जणींत, म्हणजे 83 टक्क्यांत, पिपेलने कर्करोग पकडला. हुकलेल्या बहुतेक जणींत रोग एखाद्या पॉलिपमध्ये किंवा अस्तराच्या छोट्याशा पट्ट्यात बंदिस्त होता. शेतात तण सगळीकडे पसरले असेल तर कुठूनही मूठभर उपटले तरी ते हातात येते, एकाच कोपऱ्यात असेल तर हुकू शकते. नळीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही इथे आहेत.

स्टोव्हॉल आणि गिडो, दोघांनीही कर्करोग आहे हे आधीच ठाऊक असलेल्या बायका निवडल्या, हेही विसरू नये. अशा अभ्यासात उपकरण जरा उजळ दिसते. 2000 साली डाइकहुइझेन यांच्या गटाने 39 अभ्यास आणि 7,914 स्त्रिया एकत्र घेऊन हिशेब मांडला. पाळी गेलेल्या स्त्रियांत पिपेलने 99.6 टक्के कर्करोग ओळखले, पाळी चालू असलेल्यांत 91 टक्के. या सगळ्या कागदांतून माझ्या हाती लागलेला निर्णय असा : पाळी गेलेल्या बाईच्या पहिल्या तपासणीसाठी ओपीडीतली नळी पुरेशी आहे. पण तुकड्यात काही सापडले नाही आणि रक्त जाणे थांबले नाही, तर तपासणी तिथे संपत नाही. मग दुर्बिणीने आत पाहून घ्यावे लागते. ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांवर बाईला घरी पाठवणे पुराव्याला धरून नाही.

जागा बधिर करण्याचा इतिहास याला समांतर चालतो. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरले, 1905 च्या सुमारास प्रोकेन आले, आणि 1943 साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. 1948 पासून ते झायलोकेन या नावाने विकले जाऊ लागले, आणि आजही आपल्या दवाखान्यांत हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पिशवीच्या तोंडाशेजारी दोन किंवा चार ठिकाणी लिग्नोकेनची सुई दिली की तोंड आणि त्याच्या आसपासचा भाग सुन्न होतो. पण पिशवीच्या वरच्या भागाच्या संवेदना वेगळ्या नसांनी, पाठीच्या कण्यात वरच्या पातळीला जातात. म्हणून तोंड बधिर केले तरी नळी वर टेकते आणि आतून ओढ बसते तेव्हा कळ येतेच. 2000 साली ट्रोलिस यांच्या अभ्यासात 2 टक्के लिग्नोकेनचे 5 मिलिलिटर द्रावण पिशवीच्या आतच सोडले गेले आणि वेदना कमी झाल्याचे दिसले. सुईचेही स्वतःचे दुखणे असते, हा हिशेबही करावा लागतो. बारीक पिपेलला पुष्कळदा सुईची गरजच पडत नाही. जाड नळी वापरायची असेल किंवा तोंड घट्ट असेल तर सुई उपयोगी पडते. बाईला आधी नीट सांगणे, वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी देणे आणि तिने ‘थांबा’ म्हटले की थांबणे, हे कोणत्याही औषधाशिवाय करता येते. गर्भ नाही ना, याची खात्री मात्र आधी झालीच पाहिजे.

आता महाराष्ट्राचे कागद. 1964 साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्य आणि विधी खात्याचे मंत्री शांतिलाल शहा. राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, यवतमाळ जिल्ह्याचे. समितीने 1966 च्या डिसेंबरअखेर अहवाल दिला, 1971 साली संसदेने कायदा केला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो अमलात आला. याच सुमारास, 1972 साली, हार्वे कारमन आणि माल्कम पॉट्स यांनी लवचिक प्लास्टिकची नळी आणि हाताने ओढायची सिरिंज यांच्याबद्दलचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला. 1975 च्या नियमांनी डॉक्टरांसाठी प्रशिक्षणाची अट घातली.

इथे मी एक अनुमान काढत आहे, आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे. अस्तराच्या तुकड्यासाठी लागणारी तीन कौशल्ये, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी बधिर करण्याची सुई, बारीक नळी आत नेण्याचा हात आणि सिरिंजने निर्वात ओढणे, आपल्या सरकारी दवाखान्यांत मोठ्या प्रमाणावर आली ती गर्भपाताच्या कायद्याच्या वाटेने. आजही पिपेल नसेल तिथे कारमनची 4 नंबरची नळी सिरिंजला जोडून अस्तर ओढून घेतात. तीच नळी, तोच हात, काम वेगळे. वसंतरावांच्या राज्यातल्या आरोग्यमंत्र्याच्या अहवालाने सुरू झालेली ही वाट वसंतरावांच्याच नावाच्या रुग्णालयापर्यंत येते, हा योगायोग आहे. तो मी योगायोग म्हणूनच नोंदवत आहे.

यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 साली सुरू झाले. या तारखेचे महत्त्व तुकडा वाचणाऱ्या माणसात आहे. त्याआधी आसपासची जुनी वैद्यकीय महाविद्यालये म्हणजे 1947 चे नागपूरचे, तिथलेच 1968 चे दुसरे आणि 1969 चे सेवाग्रामचे. तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून पाठवायचा, बाटलीवर नाव नीट लिहायचे, उत्तर परत आणायचे, आणि बाईने ते घ्यायला पुन्हा यायचे. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून किंवा उमरखेडच्या तांड्यावरून आलेल्या बाईसाठी यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक दिवसाची बुडलेली मजुरी. क्षयरोगाची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो, कारण फॉर्मेलिन जंतू मारून टाकते आणि मग तो वाढवून पाहता येत नाही. ही छोटी गोष्ट चुकली की साऱ्या खटपटीवर पाणी पडते. बाईला पुन्हा बोलवावे लागते आणि बहुतेकदा ती येत नाही.

त्याच 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये राणी व अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा निबंध आला. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी. 92 टक्के जणींत एक किंवा अधिक स्त्रीरोग सापडले, प्रत्येकीमागे सरासरी 3.6. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या किती? 8 टक्के. ही गावे यवतमाळची नाहीत, पण विदर्भातलीच आहेत. केलींच्या लेखाला तेव्हा 64 वर्षे झाली होती. ज्या बाईला कुणी तपासलेच नाही, तिच्यासाठी नळी पोलादी की प्लास्टिकची हा प्रश्नच उद्भवत नाही.

तपासणी न होण्याची दुसरी बाजू तीस वर्षांनी समोर आली. 2019 च्या जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांत 4,605 स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चर्चा ऊसतोड बायकांची होती. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांतूनही माणसे तोडीला जातात, म्हणून हा प्रश्न फक्त मराठवाड्याचा मानता येत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 3.2 टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या, आणि सांगितलेले सर्वांत मोठे कारण होते पाळीत फार जाणे. म्हणजे नेमकी तीच तक्रार, जिच्या निदानासाठी केली, नोव्हाक, येन्सेन, कॉर्निए यांनी तुकडा घेण्याच्या सोप्या रीती शोधल्या. 5 एप्रिल 2023 रोजी, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय काढणे रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असा आदेश दिला.

पिशवी काढणे कधीच योग्य नसते असे या कागदांतून निघत नाही. कर्करोग असेल, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, मोठ्या गाठी असतील तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण तुकडा घेण्याची सोपी, स्वस्त, जागेपणी होणारी रीत हाताशी असताना, तिचे उत्तर न बघता चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली जाते तेव्हा तो वैद्यकीय निर्णय राहत नाही. आणि पाळी गेलेल्या बाईच्या रक्तस्रावाकडे ‘वयाचं आहे’ म्हणून दुर्लक्ष होते, तेव्हाही तेच घडते. दोन्ही चुकांवर औषध एकच : ओपीडीतली पाच-दहा मिनिटे, एक नळी, एक बाटली आणि एक वाचणारा.

या इतिहासाचा पुढचा भाग लिहायचा तर यवतमाळ, पुसद, पांढरकवडा, दारव्हा इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडी वह्या आणि पॅथॉलॉजीच्या नोंदवह्या लागतील. त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी माझी तिथल्या अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. आणि वाचकांना एवढेच सांगणे : तुमच्या घरातल्या कुणाला डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली, तर तुकडा तपासला का, हे विचारा. तपासला असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात मागा, आणि तो फेकू नका.